दारफाळणीच्या दिवशी दाराबाहेर

ओकची फळं गळायला लागली की मी दचकायला लागते. आमच्या घरामागे दोन जुने ओक आहेत, त्यांच्या फांद्या थेट लाकडी डेकवर आलेल्या. सप्टेंबर सरत आला की टोप्या घातलेल्या त्या कडक बिया डेकवर, छपरावर, नोमीच्या गाडीच्या टपावर पडत राहतात. टप्प. मग थोडी शांतता. मग एकदम चार-पाच. दुपारी मी घरात एकटी, पुढ्यात निवडायला घेतलेली भाजी, आणि टप्प झालं की हात जागच्या जागी थांबतो. नोमी म्हणजे माझी मुलगी. ती घरून काम करत असली तर वरच्या खोलीतून ओरडते, "आई, एकॉर्न आहे गं!" अगं, मला कळत नाही का एकॉर्न आहे ते? पण अंगाला कोण समजावणार?

पूर्वी नव्हतं हं असं. मी काही भित्री बाई नव्हे. ठाण्याला आमच्या चाळीत एकदा जिन्यात साप निघाला तर तो मी हाकलला होता, हे माडीवर उभे राहून सूचना देत होते. हा दचकण्याचा रोग मला अमेरिकेतला, आणि तोही एका ठरावीक मोसमातला.

बाहेर तसं अजून गरमच असतं. अल्फारेटाचा, म्हणजे आमच्या या गावाचा, उन्हाळा लवकर पाय काढत नाही, मुरलेल्या पाहुण्यासारखा बसून राहतो. पण संध्याकाळच्या उन्हाचा रंग बदलतो, पिकल्या पपईसारखा होतो. लाल मातीवर पाइनच्या सुया साचतात. दुकानात दारातच भोपळे रचलेले असतात. समोरच्या शुभांगीकडचे गणपती येऊन गेलेले असतात, तिच्या गॅरेजमध्ये मखराचा थर्मोकोल अजून पडलेला असतो. आणि मग आमचे सण लागतात, एकाला लागून एक, श्वास घ्यायला उसंत नाही.

"आमचे" म्हणजे कुणाचे ते सांगते, नाहीतर तुम्ही शुभांगीसारख्याच गोंधळाल. ती नागपूरची, कंप्युटरवाली. मी इथं आले तेव्हा माझ्या हातचं वालाचं बिरडं खाऊन बोटं चाटत होती, आणि मधेच तिला काय कळलं कोण जाणे, म्हणाली, "काकू, तुम्ही ज्यू? मग असं मराठी कसं काय बोलता यार?"

"मग कसं बोलू? आमचे पणजे-खापरपणजे हेच बोलायचे."

"पण ज्यू म्हणजे फॉरेनचे ना?"

"बाई गं, फॉरेनला मी आत्ता आले. सत्तरीत."

आम्ही बेने इस्राएल. कोकणातले. अलिबागच्या बाजूला आमच्या माणसांचे तेलाचे घाणे असायचे, आणि शनिवारी बैल सोडलेला म्हणून लोक म्हणायचे शनिवार तेली. सणांनाही आमची मराठीच नावं. इथले लोक रोश हशाना म्हणतात, आम्ही म्हणायचो नव्याचा सण. आणि किप्पूरचा जो मोठा उपास, त्याला आमची आई म्हणायची दारफाळणीचा सण. फाळणं म्हणजे लावून घेणं. त्या दिवशी दारं लावून घ्यायची. सगळ्यांनी पांढरं नेसायचं, कुणी बाहेर पडायचं नाही, बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही. कारण आदल्या दिवशी घरातली गेलेली माणसं परत आलेली असतात, आणि ती दिवसभर आपल्यात बसलेली असतात. दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा ती जातात. मग दार उघडायचं, दानधर्म करायचा, एकमेकांकडे जायचं.

मला त्या बंद घराचा वास अजून येतो. शेणानं सारवलेली ओली जमीन, कंदिलाची काजळी, आणि उपाशी माणसांच्या तोंडाचा तो आंबट वास. आमची मशीद, म्हणजे सिनेगॉग हो, आमच्याकडे मशीदच म्हणत, ती लांब होती. वडील आणि भाऊ पहाटेच चालत जायचे, आई आणि आम्ही मुली घरात. दुपारी कौलांच्या फटीतून उन्हाच्या काड्या पडायच्या. आई कुजबुजत बोलायची. "हळू पाय टाक, आजोबा बसलेत." कुठे बसलेत, ते विचारायची सोय नव्हती. पण खरं सांगते, भीती वाटायची नाही. दार बंद असलं की भीती कसली? आपली सगळी आत.

मी इथं आले त्या वर्षी मात्र माझं सगळंच उलटंपालटं होतं. हे फेब्रुवारीत गेले. ठाण्याचं घर बंद करून नोमीनं मला उन्हाळ्याआधी इकडे आणलं. किल्ली शेजारणीकडे. आणि जसे सण जवळ येऊ लागले तसा माझ्या मनानं एक धोशा घेतला. पहिलंच वर्ष त्यांचं. येतील तर ते ठाण्याला येतील. आणि तिथे कुलूप! माणूस एस.टी.च्या वर्कशॉपात जन्मभर राबलेला, रोज दारातून "चहा टाक" म्हणत आत येणारा. तो कुलूप बघून काय करेल? जिन्यात बसेल? हसू नका. मला माहीत आहे हे काही पुराव्याचं नव्हे. पण रात्री डोळा लागायच्या आधी मला तो जिनाच दिसायचा.

आता ज्यांच्यात मी येऊन पडले त्यांच्याविषयी सांगते. जावई डॅन, तोही ज्यू, इथलाच. तो लहानपणापासून ज्या मंडळीत वाढला त्या मंडळीत देव नाही. नाही म्हणजे नाहीच. चाळीसेक घरं. स्वतःची इमारत नाही, एका चर्चचा मागचा हॉल भाड्यानं घेतात. मेणबत्त्या लावतात, पण आभार प्रकाशाचे मानतात, देवाचे नाही. गाणी आहेत, सण आहेत, रविवारी मुलांची शाळा आहे, मंगळवारी म्हातारे लोक यिडिश, त्यांच्या आजी-आजोबांची भाषा, शिकतात, महिन्यातून एकदा बेघर लोकांसाठी सॅंडविचं भरतात. पाळीपाळीनं कुणीतरी कार्यक्रम चालवतं. पहिल्या दिवशी मी शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याला माझ्या कामचलाऊ इंग्रजीत विचारलं, देव नाही तर तुम्ही जमता कशाला?

तो म्हणाला, "जेवायला."

हे हर्बभाऊ. नव्वदीचे. भाऊ मीच म्हणते, त्यांना वाटतं ती पदवी आहे.

नोमीला विचारलं तर तिनं जरा नीट सांगितलं. "आई, आम्ही जे मानत नाही ते म्हणत नाही. एवढंच. म्हणताना खोटं वाटू नये."

"आणि मी मानते त्याचं काय?"

"तू म्हण ना. तुला कोण अडवतंय?"

खरंच कुणी अडवलं नाही. उन्हाळ्यात त्यांनी मला मलिदा, आमचा एलियाहू पैगंबराच्या नावाचा नवसाचा प्रसाद, करायला लावला. इंडियन दुकानातून पोहे आणले, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. आणि एकेक गोष्टीला "हे का?" म्हणून विचारत बसले. एका बाईनं विचारलं, यातलं ते एलियाहू पैगंबराला बोलावणं वगळलं तर चालेल का. मी म्हटलं, "मग पोहे कुणासाठी भिजवू?" तर सगळे हसले, आणि मग त्यावर तासभर चर्चा केली! चर्चेची फार हौस या लोकांना. कढी पातळ झाली तरी कमिटी नेमतील. पण मला आवडायला लागले होते, खोटं कशाला बोलू. डोळ्यांत बघून ऐकायचे. माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईचं कुणी इतकं ऐकलं नव्हतं.

आणि ऑगस्टच्या शेवटी तो ईमेल आला.

मला कुणी दाखवला नाही. पण स्वयंपाकघरात नोमी आणि डॅन हळू आवाजात बोलायला लागले, मी आत गेले की हवापाण्याचं बोलायचे. माझं इंग्रजी कामापुरतं. तरी 'पोलीस' आणि 'थ्रेट' कळायला कितीसं लागतं? शेवटी नोमीला बसवून विचारलंच. कुणीतरी मंडळीला लिहिलं होतं, तुमच्या उपासाच्या दिवशी येऊ म्हणून. पुढचं तिनं सांगितलं नाही. पोलिसांनी बघितलं, म्हणाले बहुतेक काही नाही.

बहुतेक! त्या एका शब्दानं माझा महिना खाल्ला. डाळीला फोडणी देताना बहुतेक, अंघोळीला पाणी घेताना बहुतेक.

आम्हाला ही सवय नव्हती हो. ठाण्याला आमच्या मशिदीचं दार दिवसभर सताड उघडं असायचं, शेळ्या आत यायच्या. आजूबाजूला सगळ्या जातीचे शेजारी, कुणी डोळा वर करून पाहिलं नाही. पुढं मुंबईत वाईट प्रकार झाल्यावर तिथेही एक पोलीस बसवला, ते खरं. पण तो खुर्चीत पेपर वाचायचा आणि आमच्या बायका त्याला चहा द्यायच्या. भीती म्हणून अशी घरात शिरली नव्हती.

दरवर्षी हॉलच्या दारावर जे नवरा-बायको उभे राहून लोकांचं स्वागत करायचे, त्यांनी यंदा जमणार नाही म्हणून कळवलं. त्यांची मुलं लहान. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण नोमी त्या वर्षी मंडळीची अध्यक्ष. ती म्हणाली, मग मी उभी राहते.

बैठक आमच्याच घरी झाली. सोफ्यावर, खाली गालिच्यावर, गाजराच्या काड्या आणि छोल्यांची ती चटणी. एक जण म्हणे कार्यक्रम ऑनलाइन करू. दुसरी म्हणे पुढचं दार बंद ठेवून स्वयंपाकघराकडून आत घेऊ. नोमी म्हणत होती की दार पुढचंच हवं. वर्षातून त्या एकाच दिवशी येणारी माणसं असतात, सभासद नसतात, कुणाचं कुणी गेलेलं असतं. बंद दार दिसलं तर ती गाडी वळवून जातात. शेवटी तडजोड अशी ठरली: दार आतून बंद. आत एक जण कडीशी. आणि बाहेर एक जण, जो येणाऱ्याला बघेल, बोलेल, आणि मग ठोठावून दार उघडायला सांगेल. पोलिसांची गाडी मधूनमधून फेरी मारेल.

मी चहा देत होते. माझ्या डोक्यात एवढंच शिरलं: दार बंद, सगळे आत, आणि माझी मुलगी दाराबाहेर.

मी ट्रे खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "ऑनलाइन. ऑनलाइन इज गुड."

हर्बभाऊ लगेच म्हणाले, "माझं मत रिबेकाला. मी पायजम्यात बसेन." माझं नाव रिबका, पण त्यांची जीभ वळत नाही. लोक हसले. नोमी हसली नाही.

सगळे गेल्यावर ती भांडी डिशवॉशरमध्ये आदळत होती. "आई, तू सगळ्यांसमोर का बोललीस?"

"मग कुठे बोलू? तू एकटी असताना ऐकतेस?"

"कुणीतरी उभं राहायला हवं ना."

"राहू दे की कुणीतरी. कुणीतरी म्हणजे तूच का?"

"सगळ्यांच्या आया असंच म्हणाल्या तर?"

"त्यांच्या आयांचं त्यांच्यापाशी. मी नुकतीच एकाला माती देऊन आलेय, नोमी. मला मुलगी एकच आहे."

तिनं डिशवॉशर लावला, त्याच्या घरघरीत आम्ही दोघी ओट्याला टेकून उभ्या राहिलो. मग म्हणाली, "मला भीती वाटत नाही असं वाटतं का तुला?" आणि वर निघून गेली. त्याच्यापेक्षा तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

मग एका रविवारी ती तालीम. पोलीस खात्यातून निवृत्त झालेली एक धिप्पाड बाई शिकवायला आली होती. कुणी बंदूक घेऊन शिरलं तर कुठे पळायचं, टेबलं दाराला कशी लावायची. सगळ्यांनी मागच्या खोलीत जाऊन, दिवे मालवून, जमिनीवर गप्प बसून बघायचं. हर्बभाऊ म्हणाले, "मी खाली बसलो तर उठवायला अग्निशामक दल लागेल," आणि खुर्चीतच राहिले. माझी नात माया तेव्हा दहा वर्षांची. तिनं माझा हात धरून मला भिंतीशी नेलं. "नॉट देअर, आजी. यू हॅव टू बी अवे फ्रॉम द ग्लास." मी तिच्याकडे बघतच राहिले. तुला कसं ठाऊक, म्हटलं. ती म्हणाली, "वी डू इट इन स्कूल." इतक्या सहज, जसं आम्ही शाळेत पाढे म्हणायचो तसं.

दार लावलं. अंधार. चाळीस माणसांचे श्वास. कुणाचं तरी पोट वाजलं, एक पोर फिसकन हसलं. आणि मला आमचं ते सारवलेलं घर आठवलं. अशीच बंद खोली, असंच कुजबुजणं, हळू पाय टाक. तिथे आम्ही आत आलेल्यांची शांतता मोडू नये म्हणून गप्प बसायचो. इथे बाहेरच्याला जाग लागू नये म्हणून. मायाच्या केसांना शांपूचा सफरचंदी वास येत होता. तिची नाडी माझ्या बोटांखाली अगदी संथ चालली होती. माझीच धडधडत होती.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. नव्याचा सण झाला, मी नारळाच्या दुधाची खीर केली, मधात सफरचंद बुडवून खाल्लं, काही गोड लागलं नाही. नोमीनं ते नारिंगी जाकीट आणलं, रस्त्यावर काम करणारे घालतात तसलं. आरशासमोर घालून बघत होती. मायाला हसू आलं. ते जाकीट खुर्चीवर टांगलेलं दिसलं की मी तोंड फिरवायची. एकदा वाटलं लपवून ठेवावं. पण जाकीट लपवून मुलगी थोडीच लपते? तिच्या वडिलांचाच हेका. संपाच्या वेळी हे गेटवर उभे राहायचे तेव्हा मी काय थांबवू शकले होते?

तुम्ही विचाराल, मग झालं काय? काही झालं नाही. त्या वर्षी नाही, पुढच्याही वर्षी नाही. लोक म्हणतात बघा, उगाच काळजी केलीत. पण काळजीचं असं नसतं. काही झालं नाही म्हणून ती वाया जात नाही आणि परतही जात नाही. ती अंगातच राहते, आणि ओकचं फळ पडलं की दार वाजवते.

दारफाळणीच्या दिवशी मी सकाळपासून पांढरी साडी नेसून, पुढचं दार लावून बसले. नोमीनं माझ्यासाठी सुट्टी घेतली होती. तिला उपास-बिपास नाही, पण माझ्यासमोर खाल्लं नाही. डॅन वर चेलो, ते मोठं व्हायोलिन, घासत होता. मायाला मी आजोबांचं सगळं सांगितलं, कसे येतात, कसे बसतात. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बट आजी, डझ ही हॅव अवर अ‍ॅड्रेस?"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. जे मी कुणापाशी बोलले नव्हते ते या पोरीनं विचारलं. म्हटलं, "अगं, लेकीचा पत्ता बापाला असतो." तिला पटलं. मला पटवायला कुणी नव्हतं.

चारला निघायचं. दार उघडायला माझा हात धजेना. दिवस मावळायच्या आत आमच्याकडे कुणी उंबरा ओलांडत नाही. मी त्यांना मनातल्या मनात म्हटलं, अहो, चला बरोबर. घरात बसून काय करता, पोरगी तिकडे उभी राहणार आहे. आणि दार उघडलं.

हॉलमध्ये शिरले तर हर्बभाऊ बेगल, तो कड्यासारखा पाव, खात होते. किप्पूरच्या दिवशी! मी बघतेय म्हटल्यावर म्हणाले, "प्रत्येक घासाला पश्चात्ताप करतोय." मिठी मारायला पुढे आले, मी दोन्ही हात जोडून मागे सरले. आज शिवायचं नाही ना. त्यांना वाटलं मी बेगलवर रागावले. असो.

कार्यक्रम सुरू झाला. आधी एका तरुणानं माफीवर काहीतरी वाचलं, देवाकडे नाही, माणसांकडे मागायची माफी. मग डॅननं किप्पूरची ती जुनी धून वाजवली, शब्दांवाचून. एरवी ती धून ऐकली की माझं काळीज हलतं. त्या दिवशी माझे कान मागे दाराला लागलेले. दार बंद. कडीशी एक उंच गृहस्थ. त्यापलीकडे ती. मधेच ठक-ठक व्हायचं, दार उघडायचं, उन्हाची एक पट्टी आत यायची, कुणीतरी यायचं, पुन्हा दार बंद. दर वेळी उघडल्यावर नारिंगी रंग दिसला की मी श्वास सोडायची.

मग नावं सुरू झाली. त्यांची पद्धत अशी की ज्याचं जे कुणी गेलंय त्याचं नाव उभं राहून घ्यायचं, आणि त्यानं आपल्यात काय ठेवलं ते एका वाक्यात सांगायचं. एकेक ओळ उठत होती. आमची ओळ चौथी. आणि तेव्हा मला कळलं की यांचं नाव घ्यायला मी एकटीच आहे. ज्या मुलीत त्या माणसानं सगळं ठेवलं, ती दाराबाहेर.

मी उठले. त्या उंच गृहस्थाला म्हटलं, "ओपन."

नोमी पायरीवर उभी होती. मला बघून तिचा चेहरा पांढरा झाला. "आई! काय झालं? चक्कर येतेय का?"

"नावं सुरू झालीत. तू आत जा."

"मी कशी जाऊ? इथे कोण?"

"मी."

"वेडी आहेस का? तुला फोन लावता येत नाही धड."

"ओरडता येतं की. तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाला थांबवायची मी."

"आई, प्लीज. पपांचं नाव तू घे."

"बायको नवऱ्याचं नाव घेते ते उखाण्यात. इथे लेकच पाहिजे. जा, आमची ओळ येईल."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, लहानपणी शाळेच्या गेटवर मला सोडून जाताना पाहायची तसं. मग जाकीट काढलं आणि माझ्या पांढऱ्या साडीवर चढवलं. चेन गळ्यापर्यंत ओढून लावली. न शिवण्याचं कुणाला आठवतंय तेव्हा? ठोठावलं. दार उघडलं, ती आत गेली, आणि कडी बसल्याचा आवाज माझ्या पाठीमागे झाला.

आता मी बाहेर.

समोर गाड्यांनी भरलेलं मैदान, पलीकडे रस्ता. ऊन उतरलेलं. रातकिडे सुरू झाले होते. मी खांबाला हात लावून उभी राहिले. प्रत्येक गाडी वेग कमी करतेय असं वाटायचं. सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली सांगू? कुणी येईल याची नाही. कुणी आलं तर दार उघडायला सांगू की नको, हे मला एकटीला ठरवायचं होतं, त्याची. महिनाभर मी एवढंच बघत होते की मुलगी मरणाच्या तोंडाशी उभी राहणार. ती हा निवाडा करत उभी राहणार, दर माणसागणिक, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आणि एक गाडी आत वळली.

विशीतली मुलगी उतरली. टोपीचा ढगळ सदरा, दोन्ही हात पुढच्या खिशात. डोळे सुजलेले की रागावलेले, कळेना. माझी नजर त्या खिशावर. ती चार पावलांवर थांबली. आपण उशिरा आलो का, आपण सभासद नाही, आत गेलं तर चालेल का, असं काहीतरी ती पुटपुटली.

मी म्हटलं, "हात दाखव." मराठीतच. मी स्वतःचे तळवे पुढं करून दाखवले. तिनं गोंधळून हात बाहेर काढले. एकात गाडीची किल्ली, एकात चोळामोळा झालेला टिश्यू.

"हू?" मी विचारलं. आत बोट दाखवलं. "हू इज गॉन?"

"माय मॉम," ती म्हणाली, आणि तिचा ओठ वाकला.

"गो. फास्ट. दे आर सेइंग नेम्स." मी ठोठावलं. दार उघडलं तेवढ्यात आतून नोमीचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, फक्त यांचं नाव "शमुवेल" कळलं, आणि ते तिनं इथल्यासारखं सॅम्युअल म्हटलं नव्हतं, आमच्यासारखं म्हटलं होतं. मुलगी आत गेली. दार लागलं.

खोटं सांगत नाही, मला ते तिथे आल्यासारखे वाटले नाहीत. वारा सुटला नाही, काही नाही. पण तो ठाण्याचा जिना त्यानंतर मला दिसला नाही.

थोड्या वेळानं नोमी बाहेर आली. नाक लाल.

"झालं?"

"झालं."

"काय म्हणालीस?"

"मी म्हणाले, पपांनी माझ्यात हट्ट ठेवला."

"तो माझा आहे," मी म्हटलं. "त्यांना कशाला देतेस?"

ती हसली, मग रडली, मग परत हसली. "आई, आत जा आता. बस जरा, सकाळपासून उपाशी आहेस."

"तू जा."

"माझी ड्यूटी आहे."

"आणि जाकीट माझ्या अंगावर आहे."

आतून उपास संपल्याचं शिंग फुंकल्याचा आवाज आला, दोनदा फुसका, तिसऱ्यांदा लांबलचक. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या मशिदीत कुणी टाळ्या वाजवल्या असत्या तर! टेबलं सरकल्याचे, ताटल्यांचे आवाज यायला लागले. आमच्या दोघींच्या पाठीमागे दार बंदच होतं. मैदानात अंधार उतरत होता आणि रस्त्यावरून आणखी एक गाडी वेग कमी करत आत वळली. तिचे दिवे सरळ आमच्या डोळ्यांवर आले. चालवणारा दिसेना. नोमीचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. माझाही अडकलेला तिला आला असेल. इंजिन थांबलं, दिवे विझले, आणि आम्ही दोघी पायरी उतरून पुढे झालो.